वाढीव खोलीच्या सीलिंगमधले लाइट: वायरिंग हाताशी कसं ठेवाल?

घराला मागच्या बाजूने एखादी खोली वाढवली की जिप्समचं सीलिंग आणि त्यात कन्सील्ड लाइट हे आता ठरलेलंच. सीलिंगवाला छातीठोकपणे सांगतो, "एकदा शीट बसली की वर बघायचं काम नाही." त्याला नसतंच. दोन-चार पावसाळ्यांनी लाइट लुकलुकायला लागतो, तेव्हा तो कुठल्या तरी दुसऱ्या साइटवर असतो आणि शीट तुम्हाला फोडावी लागते. एलईडीच्या लाइटमध्ये बहुतेक वेळा आधी ड्रायव्हर (घरच्या विजेतून एलईडीला लागेल तसा करंट पुरवणारी छोटी डबी) जातो, नाहीतर जॉइंट ढिला पडतो. दोन्ही गोष्टी सीलिंगच्या वर. म्हणून माझ्या कामात नियम एकच: जो जॉइंट लाइटच्या भोकातून खाली ओढता येत नाही किंवा ट्रॅप डोअरमधून (सीलिंगमधलं उघडता येणारं छोटं दार) हाताला लागत नाही, तो वर ठेवायचाच नाही.

परवानाधारक वायरमन आणि मेन बंद, हे धरूनच चालतो.

१. लाइन डीबीपासून (घरातल्या एमसीबींची मुख्य पेटी) नवी घ्या. जुन्या खोलीच्या लाइट पॉइंटवरून कनेक्शन मारू नका. वेगळी एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच), १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, सोबत अर्थिंग. शेजारून एक रिकामा पाइप टाका आणि पुढे वायर ओढायला त्यात नायलॉनची दोरी सोडून ठेवा.

२. जुन्या-नव्याची हद्द. मधल्या बीमला कोअर कटरने भोक पाडायचं नाही, कोणी कितीही म्हणो. सीलिंग बीमच्या खाली येत असेल तर पाइप बीमखालून काढा, नाहीतर भिंतीतून वळवून न्या. आणखी एक गोष्ट: जुना आणि नवा स्लॅब जिथे भेटतात, तिथेच पुढे गळतं. वॉटरप्रूफिंग केलेलं असलं तरी मी त्या सांध्याखाली जंक्शन बॉक्स देत नाही. बॉक्स तिथून हातभर आत सरकवा आणि त्याच्याखाली दीड फूट बाय दीड फुटाचं ट्रॅप डोअर ठेवा. त्यातून वरचा सांधाही दिसतो, ओल आली तर लवकर कळते. ट्रॅप डोअर कपाटाच्या जागेवर मात्र नको. आज कपाट सात फुटांचं असतं, उद्या सुतार ते सीलिंगला भिडवतो आणि दार कायमचं बंद.

३. जॉइंट: खरी डोकेदुखी इथे आहे. सुरुवातीला मलाही याच टप्प्याने छळलं. नेहमीची पद्धत अशी: वर एक मोठा बॉक्स, त्यातून प्रत्येक लाइटला फाटा. कागदावर नीटनेटकं दिसतं. पण पाच-सहा वॉटच्या छोट्या लाइटचं भोक जेमतेम तीन इंचांचं. त्यातून बॉक्स खाली येत नाही, की तुमचा हात वर जात नाही. दोन बोटं जातात, आणि दोन बोटांनी स्क्रू आवळता येत नाही.

म्हणून लूप करा. वायर पहिल्या लाइटच्या जागी खाली येईल, तिथून वर जाऊन दुसऱ्याच्या जागी खाली येईल, असं शेवटपर्यंत. मधे कुठेही जॉइंट नको. प्रत्येक ठिकाणी येणारी वायर, जाणारी वायर आणि ड्रायव्हरची वायर हे तिन्ही एका लिव्हरवाल्या कनेक्टरमध्ये. फेजला एक, न्यूट्रलला एक, अर्थिंगला एक. वायर पिळून त्यावर टेप गुंडाळणाऱ्याला कामावर ठेवू नका. स्लॅबखाली उन्हाळ्यात जी धग साठते, तिने टेपचा गोंद सुटतो आणि टेप उलगडून लोंबते.

भोकाच्या पातळीखाली दीड फूट वायर येईल एवढा ढील ठेवा. शिडीवर उभं राहून दोन्ही हातांनी काम करता आलं पाहिजे, इतकाच. उगाच तीन-तीन फूट सोडली की गुंडाळी ड्रायव्हरवर पडून राहते आणि त्याची हवा अडते.

आता सगळ्यात जास्त भांडणं जिथे होतात ते. शीट लावताना कारागीर लोंबणाऱ्या वायरी अडचण म्हणून वर भिरकावतो. मग भोक पाडल्यावर वायर तिथून चार फुटांवर चॅनेलवर (शीट ज्यावर बसते ती पत्र्याची पट्टी) पडलेली सापडते, आणि ती ओढताना पाइपाच्या तोंडाशी तिचं इन्शुलेशन सोलतं. उपाय सोपा आहे, पण तो शीट चढायच्या आधी करायचा: प्रत्येक ढील त्याच्याच जागेवरच्या चॅनेलला केबल टायने सैल अडकवा. त्या जागेचं माप दोन भिंतींपासून घ्या. प्लास्टर झालेल्या भिंतींपासून, कच्च्या विटांपासून नव्हे. जमिनीवर खडूने नंबर घाला आणि मोजायची टेप दिसेल असे फोटो काढा. लाइटची जागा चॅनेलवर येत असेल तर आत्ताच लाइट सरकवा. नंतर चॅनेल कापणारे पुष्कळ भेटतात.

शीट चढवताना मी स्वतः खाली उभा राहतो. तुम्हीही राहा. चहा नंतर प्या.

४. तपासणी. ड्रायव्हर जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशन तपासायचं मीटर) इन्शुलेशन तपासून घ्या. शीट चढण्याआधी एकदा, चढल्यावर एकदा. स्क्रू वायरीत घुसला असेल तर दुसऱ्या वेळी कळतं.

५. भोक आणि फिटिंग. मापं फोटोवरून घ्या, भोक होल सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत) पाडा. रंगाचा शेवटचा हात झाल्यावर लाइट बसवा.

खरेदी करताना दोन गोष्टी बघा. ड्रायव्हर लाइटपासून वेगळा, प्लगने जोडणारा असावा आणि तो त्याच भोकातून वर जायला हवा. आणि त्याच मॉडेलचे दोन लाइट जास्तीचे घेऊन ठेवा. मॉडेल बंद होतात, आणि नव्याचं कटआउट (लागणाऱ्या भोकाचं माप) पाव इंचाने मोठं निघालं तर सीलिंग कापता येतं. लहान निघालं तर पुट्टीवाला, रंगवाला, सगळे पुन्हा बोलवा.