वस्तीचे काम महापालिकेच्या अर्थसंकल्पात कसे बसवावे : नागपूरकरांसाठी मार्गदर्शन

वस्तीत पावसाळी नाली, वाचनालय किंवा दवाखाना हवा असला की रहिवासी झोन कार्यालयात निवेदन देतात, आवक क्रमांकाचा शिक्का घेतात आणि वाट पाहत बसतात. पुष्कळदा ते निवेदन त्या शिक्क्यापलीकडे जात नाही. मागितलेली जागा महापालिकेची नसते, कामाला अर्थसंकल्पात लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे स्वतंत्र खाते नसते किंवा अर्ज येतो तोवर त्या वर्षीचे पैसे बांधले गेलेले असतात. मागणी कितीही रास्त असली तरी या अडचणी आधी सोडवाव्या लागतात. उदाहरणादाखल मानेवाडा भागातील एका ले-आऊटमध्ये चारशे मीटर पावसाळी नाली हवी आहे, असे धरून चालू.

सर्वांत आधी काम कोणाचे ते ठरवावे. नागपुरात हा प्रश्न इतर शहरांपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण येथे महापालिकेबरोबरच १९३६ च्या अधिनियमाखालील नागपूर सुधार प्रन्यासही (नासुप्र) शहराच्या विकासात काम करत आलेला आहे. ज्या ले-आऊटमधील भूखंडधारकांनी नासुप्रकडे विकास शुल्काची डिमांड (मागणीपत्राची रक्कम) भरून आर.एल., म्हणजे भूखंड नियमित झाल्याचे पत्र घेतले आहे, तेथील मूलभूत सुविधांची पहिली विचारणा नासुप्रकडे करावी आणि ले-आऊट महापालिकेकडे हस्तांतरित झाला आहे की नाही, हे दोन्ही कार्यालयांना एकाच मजकुराचे पत्र देऊन लेखी विचारावे. तोंडी विचारल्यास दोन्हीकडून दुसऱ्याचे नाव सांगितले जाते, हा अनुभव शहराच्या सीमेवरील वस्त्यांना नवा नाही. वाचनालय किंवा व्यायामशाळेसाठी जागा लागत असेल तर आखीव पत्रिका (जागेच्या मालकीचा नगर भूमापन उतारा), मंजूर ले-आऊटच्या नकाशातील सार्वजनिक उपयोगाची, म्हणजे पी.यू.ची जागा आणि विकास आराखड्यातील आरक्षण पाहून घ्यावे. मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर त्याच्या कडेच्या नालीसाठी झोनकडे खेटे घालून उपयोग होत नाही.

यानंतर पैसा कोठून येतो, ते समजून घ्यावे. नागपूर महापालिकेचा अलीकडचा वार्षिक अर्थसंकल्प पाच हजार कोटी रुपयांच्या वर गेला आहे. तो आकडा वाचून चारशे मीटर नालीला पैसे नसावेत याचे नवल वाटते, परंतु त्या रकमेतील स्वतःच्या मर्जीने खर्च करता येईल असा भाग बराच लहान असतो. जकात बंद झाली, तिच्या जागी १ एप्रिल २०१३ पासून आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी संपला आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर त्याची भरपाई राज्य शासनाकडून येऊ लागली. हीच आता उत्पन्नाची मोठी बाजू आहे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, नगररचना विभागाचे शुल्क आणि मुद्रांक शुल्कातील वाटा हे इतर प्रमुख स्रोत होत. या जमेतून वेतन, निवृत्तिवेतन, वीजबिले, कचरा संकलन, ‘आपली बस’ या शहर बससेवेची तूट आणि कर्जाचे हप्ते आधी वजा होतात. अमृतसारख्या योजनांमध्ये केंद्र व राज्याच्या निधीला महापालिकेचा हिस्सा जोडावा लागतो आणि तोही याच पैशातून जातो. दिव्यांगांसाठी तसेच महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचा भागही असतो. उरलेल्या रकमेवर सर्व प्रभागांची नजर असते.

येथे कायद्यातील एक भेद उपयोगी पडतो. २०१२ पासून नागपूरला लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ खाली बंधनकारक आणि कलम ६६ खाली ऐच्छिक कर्तव्ये दिली आहेत. सांडपाण्याचा निचरा, रस्त्यावरील दिवे, स्वच्छता, प्राथमिक शिक्षण ही कामे पहिल्या गटात येतात, तर वाचनालये, संग्रहालये, जलतरण तलाव यांसारख्या सुविधा दुसऱ्या गटात मोडतात. नालीची मागणी करताना कलम ६३ चा उल्लेख करावा. वाचनालयाची मागणी असेल तर आमदार निधी, खासदार निधी किंवा जिल्हा नियोजन समितीचा निधी या वाटाही सोबत धराव्यात.

अर्थसंकल्पाचे पुस्तक स्वतः वाचावे. ते वाचण्यासाठी हिशेबनीस असण्याची गरज नाही. प्रत्येक लेखाशीर्षासमोर मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. बहुतेक जण शेवटचा रकाना पाहून समाधान मानतात; नजर पहिल्या रकान्यावर ठेवावी. समजा, पावसाळी नाल्यांच्या शीर्षात दहा कोटींची तरतूद आहे आणि मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च दोन कोटी आहे, तर त्या शीर्षाची खरी ताकद दोन कोटींच्या आसपास समजावी. त्या दोन कोटींतूनही आधीच्या वर्षी कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) दिलेल्या कामांची देयके प्रथम निघतात. म्हणूनच ‘तरतूद झाली’ या बातमीवर पेढे वाटू नयेत. २०२० मध्ये आर्थिक स्थितीचे कारण देऊन महापालिकेत सुरू न झालेली कामे थांबवण्यात आली होती, हे अनेक प्रभागांच्या लक्षात असेल.

वेळ हा यातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असले तरी झोन आणि विभागांकडून पुढील वर्षाचे अंदाज त्याच्या कित्येक महिने आधी मागवले जातात. आयुक्त आपले अंदाज स्थायी समितीला सादर करतात, १६ सदस्यांची स्थायी समिती त्यात फेरबदल करते आणि मग ते आमसभेपुढे जातात. नागपुरात स्थायी समितीचा अर्थसंकल्प मे-जूनमध्ये मांडला जाण्याचे प्रसंग अनेकदा आले आहेत. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर हे सर्व अधिकार प्रशासकाच्या हाती एकवटले होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर पुन्हा नगरसेवक, झोन सभापती आणि स्थायी समिती अशी दारे उघडली आहेत. आपला अर्ज दिवाळीच्या आसपास, उशिरात उशिरा डिसेंबरपर्यंत झोनमध्ये पोहोचावा. जुलैमध्ये घरात पाणी शिरल्यावर दिलेला अर्ज त्या वर्षीच्या तातडीच्या उपाययोजनेसाठी असतो. कायमस्वरूपी नालीसाठी तोच विषय हिवाळ्यात नव्याने मांडावा लागतो.

अर्जाचा मजकूर थोडका आणि मोजमापाचा असावा. नमुना असा : ‘आमच्या ले-आऊटमधील अमुक भूखंडापासून मुख्य नाल्यापर्यंत अंदाजे ४०० मीटर लांबीची पावसाळी नाली नाही. उताराची दिशा सोबतच्या नकाशात दर्शवली आहे. सप्टेंबर २०२३ च्या अतिवृष्टीत येथील घरांत पाणी शिरले होते. कृपया कनिष्ठ अभियंत्यांमार्फत स्थळ पाहणी करून प्राकलन तयार करावे व पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात काम प्रस्तावित करावे.’ (सप्टेंबर २०२३ च्या पावसाचा उल्लेख आपल्या वस्तीत पाणी खरोखर शिरले असेल तरच करावा.) या मजकुरात निधीचा शब्दही नाही, हे मुद्दाम आहे. निधी देणे कनिष्ठ अभियंत्याच्या हाती नसते, पण प्राकलन, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, करणे असते, आणि प्राकलनाशिवाय फाईलच जन्माला येत नाही. राज्य दरसूचीप्रमाणे रक्कम निघाली की तांत्रिक मान्यता, लेखा व वित्त विभागाचा निधी उपलब्धतेचा अभिप्राय, रकमेनुसार योग्य स्तरावरची प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश असा प्रवास होतो. प्रत्येक पत्रव्यवहारात फाईलचा क्रमांक लिहावा. विचारणा करताना ‘काम कधी होणार’ असे न विचारता ‘फाईल कोणत्या टेबलावर आहे’ असे विचारावे. त्याचे उत्तर टाळता येत नाही.

नगरसेवकाला केवळ निवेदनाची प्रत देऊन थांबू नये. प्रभागातील अनेक मागण्यांपैकी कोणती आधी घ्यायची, हे बहुधा त्याच्या पत्रावरून ठरते. शहरातील दहा झोनच्या समित्यांना अधिनियमाच्या कलम २९-अ नुसार आपल्या भागाच्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारस करण्याचा अधिकार आहे. हा अधिकार जितका वापरला जावा तितका वापरला जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून विषय झोन समितीच्या सभेत घ्यावा, असे पत्र झोन सभापतींना वेगळे द्यावे. चार सदस्यांच्या प्रभागात चौघांच्याही सह्या मिळाल्यास उत्तम, कारण एकाने सुचवलेले काम दुसऱ्याच्या यादीत खाली ढकलले जाण्याची भीती उरत नाही.

उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये असते आणि माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. ‘काम का झाले नाही’ असा प्रश्न विचारू नये, कारण माहिती अधिकारी कारणे देण्यास बांधील नसतो, अभिलेख देण्यास असतो. प्राकलनाची प्रत, टिपणीची पाने, निधी उपलब्धतेचा अभिप्राय आणि संबंधित लेखाशीर्षातून त्या वर्षी झालेल्या खर्चाचा तपशील मागावा. या शेवटच्या तपशिलातून आपल्या नालीऐवजी पैसा कोणत्या कामाकडे गेला, ते कळते आणि पुढच्या वर्षीची चर्चा त्या आधारे करता येते.

कार्यादेश निघाल्यावर त्याची प्रत घेऊन लांबी, रुंदी, खोली आणि कामाची मुदत वस्तीतील दोन-तीन जणांनी नोंदवून ठेवावी. खोदकाम सुरू असतानाच माप घ्यावे. नालीवर झाकणे बसल्यावर खोली मोजता येत नाही. मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि प्रत्यक्ष काम यांत फरक आढळल्यास अंतिम देयक निघण्यापूर्वी कार्यकारी अभियंत्यांना लेखी कळवावे. निविदेतील दोषदायित्वाचा कालावधीही विचारून घ्यावा, कारण तेवढ्या काळात झाकण तुटले किंवा नाली खचली तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते आणि त्यासाठी नव्या तरतुदीची वाट पाहावी लागत नाही.