माध्यमसाक्षरतेचा तास: कोणती साधनं घ्यायची, कशी वापरायची

डिजिटल नागरिकत्व, म्हणजे इंटरनेटवर जबाबदारीने आणि पारखून वागणं, शिकवायचं ठरलं की आधी लिंकांची लांबलचक यादी जमते आणि मुलांना तीच दिली जाते. तिचा उपयोग फारसा होत नाही. एका तासाला एकच कौशल्य आणि त्यासाठी एकच साधन, असा हिशोब ठेवा.

वर्षभराचा आराखडा हवा असेल, तर कॉमन सेन्स एज्युकेशनचा मोफत अभ्यासक्रम सोयीचा आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रोजेक्ट झीरो या शिक्षण-संशोधन केंद्राच्या सोबतीने तो तयार झाला आहे. बालवाडीपासून बारावीपर्यंत इयत्तावार पाठ आहेत, सोबत स्लाइड्स आणि पालकांसाठी पत्रकंही. खासगी माहिती, ऑनलाइन छळ, स्क्रीनचा वेळ, बातम्यांची पारख असे सगळे विषय त्यात येतात. मात्र मूळ साहित्य इंग्रजीत आहे. भाषांतर करून वाटण्याआधी परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे साहित्य मोफत वापरू देणाऱ्या, काही परवान्यांत बदललेली आवृत्ती वाटायला मनाई असते.

लहान मुलांसाठी गुगलचा इंटरलँड हा खेळ आहे. चार प्रदेशांत फिरत मुलं पासवर्ड, फसवे संदेश, शेअर करण्याचं तारतम्य आणि चांगलं वागणं शिकतात. कंपन्या आपल्या माहितीवर पैसे कशा कमावतात, हे मात्र त्यात शोधू नका. तो धडा तुम्हालाच घ्यावा लागेल.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी गोष्ट वेगळीच आहे: पानावरून बाहेर पडायला शिकवणं. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी 10 इतिहासतज्ज्ञ, 10 व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे 25 विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी बऱ्याचदा त्याच पानावर खालीवर करत राहिले, सफाईदार मांडणीला भुलले. तथ्यतपासनीसांनी लगेच नवे टॅब उघडून इतर लोक त्या संस्थेबद्दल काय म्हणतात ते पाहिलं आणि कमी वेळात योग्य निष्कर्ष काढला. यालाच लॅटरल रीडिंग म्हणतात. त्यावरचे तयार पाठ ‘सिव्हिक ऑनलाइन रीझनिंग’ या अभ्यासक्रमात मिळतात. त्याचा गाभा तीन प्रश्नांचा: माहितीमागे कोण आहे? पुरावा काय? इतर स्रोत काय सांगतात?

40 मिनिटांचा तास असा घ्या. पहिली 5 मिनिटं एक संकेतस्थळ दाखवा आणि फक्त ते पान पाहून ‘विश्वास ठेवाल का’ याचं उत्तर कारणासह लिहून घ्या. 1998 पासून चालत आलेलं, झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचं थट्टेखोर संकेतस्थळ सुरुवातीला चालतं; मोठ्या मुलांना ते पोरकट वाटेल, त्यांना एखाद्या हितसंबंधी गटाचं गंभीर दिसणारं पान द्या. पुढची 15 मिनिटं दोघांत एक संगणक. मूळ पान बंद करायचं नाही, पण वाचायचंही नाही. नव्या टॅबमध्ये संस्थेचं नाव शोधायचं आणि काहीही न उघडता आधी निकालांची यादी वरपासून खालपर्यंत नजरेखालून घालायची. विकिपीडियाचं पान सापडलं तर पहिला परिच्छेद आणि तळाचे संदर्भ पाहायचे. उरलेल्या वेळात आधीचं आणि नंतरचं उत्तर ताडून पाहा.

इथे मुलं हमखास दोन ठिकाणी अडखळतात. एक, दाव्याचं अख्खं वाक्य जसंच्या तसं शोधतात. मग तोच दावा उगाळणारी पानं समोर येतात आणि ‘सगळीकडे हेच लिहिलंय’ असं वाटतं. नावासोबत ‘निधी’ किंवा ‘टीका’ असा शब्द जोडायला सांगा. दुसरं, निकालांच्या माथ्यावर येणारा एआयचा सारांश उत्तर म्हणून उतरवून घेतात. त्याखालचा निदान एक स्रोत उघडल्याशिवाय तो धरायचा नाही, असा नियमच करा.

छायाचित्रांसाठी टिनआय आणि गुगल लेन्स: चित्र टाकलं की ते इंटरनेटवर आणखी कुठे आहे, हे ही साधनं शोधतात. फॉरवर्डमधल्या चित्रावर मजकूर असेल तर तो कापून मगच चित्र टाका, नाहीतर शोध त्या अक्षरांमागे भरकटतो. टिनआयमध्ये निकाल ‘सर्वात जुना आधी’ असे लावा. पण ती तारीख टिनआयला चित्र पहिल्यांदा सापडल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. मुलं इथे नेमकी फसतात. व्हिडिओ असेल तर इनव्हिडच्या ब्राउझर प्लगइनने त्यातल्या निवडक चौकटी (स्थिर चित्रं) वेगळ्या काढून एकेक शोधता येतात. सरावासाठी मुलांचे स्वतःचे फोटो अपलोड करू देऊ नका.

‘बॅड न्यूज’ या खेळात मुलं स्वतःच खोट्या बातम्या पसरवणाऱ्याच्या भूमिकेत जातात आणि तोतयेगिरी, भावना भडकवणं, कटकारस्थान अशा सहा युक्त्या ओळखायला शिकतात. मुलं रमतात. पण अशा खेळांनी खरंखोटं वेगळं करण्याऐवजी सगळ्याच बातम्यांवरचा संशय वाढतो, असा आक्षेप काही संशोधकांनी घेतला आहे. म्हणून खेळानंतर लगेच खऱ्या आणि खोट्या, दोन्ही प्रकारच्या बातम्या मिसळून पारखायला द्या.

लिंक, व्हिडिओ आणि शोधाचे निकाल त्याच दिवशी सकाळी एकदा तपासा आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा. इंटरनेट गेलं तरी तास चालतो. खातं उघडावं लागणारं साधन असेल तर वयाची अट आणि शाळेची परवानगी आधी पाहा. चाचणीला अनोळखी पान आणि 10 मिनिटं द्या. निकालासोबत कोणते टॅब का उघडले, तेही लिहून घ्या आणि त्यालाही गुण ठेवा.