तिरपागडी सायकल बनवायला शिकताय? आधी ट्रेल मोजा

तिरपागडी सायकल म्हणजे जुन्या सायकली कापून-जोडून बनवलेली विचित्र आकाराची सायकल. वर्कशॉप जॉइन केलंय म्हणजे कापणं-जोडणं येईलच हळूहळू. पाइपचं तोंड दुसऱ्या पाइपच्या गोलाईवर फट न राहता बसेपर्यंत कानस घासत राहा, हे सगळेच सांगतात. मला जे कोणी सांगितलं नाही ते सांगतो.

माझी पहिली सायकल अगदी सोपी वाटत होती. पुढे मोठी टोपली मावावी म्हणून मोठ्या चाकाच्या जुन्या फ्रेमला पुढे २० इंची चाक लावलं, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) तोच ठेवला. दिसायला भारी! पण दहा फूटही गेलो नसेन, हँडल असं फडफडलं की टोपलीसकट आडवा. मला वाटलं बेअरिंग ढिलं असेल, हेडसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) आवळला, परत पडलो. दोन रविवार असेच गेले, कोपरावरची खूण अजून आहे.

भानगड ट्रेलची होती. फोर्कची दांडी जिच्यात फिरते ती पुढची नळी म्हणजे हेड ट्यूब. तिची रेषा तशीच जमिनीपर्यंत नेली की जिथे टेकेल तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. चाक रेषेच्या मागे टेकतं, म्हणून ट्रॉलीच्या चाकासारखं मागे ओढलं जाऊन सरळ होत राहतं. माझ्या हेड ट्यूबचा जमिनीशी कोन आधी ७३ अंश होता, फोर्कचा ऑफसेट (त्या रेषेच्या जितका पुढे चाकाचा अ‍ॅक्सल असतो ते अंतर) ४५ मिमी, ट्रेल ५७ मिमी. लहान चाकामुळे पुढची बाजू ९ सेंमी खाली बसली, कोन ७८ झाला, त्यात चाकाची त्रिज्याच कमी, ट्रेल उरला ७ मिमी. सात!! शेवटी फोर्क ९ सेंमी लांब केला, ऑफसेट २० वर आणला, तेव्हा कुठे ट्रेल ५५ च्या आसपास आला.

मोजायला काही लागत नाही. चाकं लावून, हवा भरून सायकल सरळ उभी करा, हेड ट्यूबला समांतर लांब पट्टी धरून जमिनीवर खडूने खूण करा, पुढच्या अ‍ॅक्सलवरून ओळंबा सोडून दुसरी खूण. पट्टीची खूण पुढे यायला हवी. आणि हे नुसतं टॅक मारलेलं (ठिपक्या-ठिपक्याने तात्पुरतं वेल्ड केलेलं) असतानाच करा, फुल वेल्ड झाल्यावर मोजून फक्त रडता येतं.

व्हिडिओ बघून माप उचलू नका, त्याचं चाक वेगळं, फोर्क वेगळा. आणि तुमच्या हातातून वेल्डिंगचा टॉर्च काढून घेऊन "थांब, मीच करतो" म्हणणारा गुरू कितीही ग्रेट असो, त्याच्याकडे शिकणं होत नाही, माझे दोन महिने त्यात गेले.

लोक हसतील, हसू देत. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोरने आडवं बसून चालवायच्या सायकलवर तासाला ४५.०५५ किमीचा विक्रम केला, तर पुढच्याच वर्षी यूसीआयने (सायकल रेसिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) असल्या सायकली रेसमधून बाहेर काढल्या.

जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप मात्र फुकट मिळाला तरी वेल्ड करू नका, जस्ताच्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. पहिल्या राइडला हेल्मेट घाला आणि टोपली रिकामी ठेवा. मी तीत ग्राइंडर ठेवला होता.