बालविकासाचा अभ्यास कसा करावा: गर्भधारणेपासून पौगंडावस्थेपर्यंत

बालमानसशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांतच तक्ते सुरू होतात. अमुक महिन्यात बसतं, तमुक महिन्यात चालतं, इतक्या वर्षांचं झालं की तर्क करतं. हे तक्ते पाठ करायला घेऊ नका. प्रत्येक आकड्यासमोर वहीत एक प्रश्न लिहा: हे कळलं कसं? बाळाला बोलता येत नाही, तीन वर्षांचं मूल प्रश्नाचा भलताच अर्थ लावतं आणि चौदा वर्षांचं मूल हवं तेवढंच सांगतं. त्यामुळे विचारण्याची पद्धत बदलली की या विषयातलं उत्तरही बदलतं.

सुरुवात गर्भापासून करा आणि आधी दिवस मोजण्याचा घोळ सोडवा. डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून पूर्ण काळ 40 आठवडे येतो. भ्रूणविज्ञानाची पुस्तकं फलनापासून मोजतात, तिथे तो 38 होतो. दोन पुस्तकांतले आकडे एकाच तक्त्यात लिहिले की दोन आठवड्यांची चूक होते, आणि या काळात दोन आठवडे फार मोठे असतात. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात ती फलनानंतर 28 दिवसांच्या सुमारास बंद होते. अनेक स्त्रियांना तोवर गर्भ राहिल्याचं कळलेलंही नसतं. म्हणूनच ही नलिका नीट बंद व्हायला मदत करणारं फोलिक आम्ल रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायला सांगतात. थॅलिडोमाइडनेही हेच दाखवलं. फलनानंतर साधारण 20 ते 36 या दिवसांत हे औषध पोटात गेलं तर हातपाय आणि इतर अवयव घडताना बिघडत. तेव्हा गर्भाला अपायकारक गोष्टींची नुसती यादी करू नका. शेजारी कोणता अवयव, कोणता आठवडा आणि किती मात्रा हेही लिहा.

नवजात बाळाला काय कळतं, हे चोखण्यावरून किंवा नजरेवरून काढतात. 1980 मध्ये डीकॅस्पर आणि फायफर यांनी बाळांना अशी चोखणी दिली की एका लयीत चोखलं तर आईचा आवाज लागे आणि दुसऱ्या लयीत चोखलं तर परक्या बाईचा. जेमतेम तीन दिवसांच्या आतली ही बाळं आईचा आवाज लागावा अशा लयीत चोखत होती. दुसरी पद्धत कंटाळ्याची. तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं की बाळ कमी वेळ पाहू लागतं. मग नवं चित्र आणल्यावर नजर पुन्हा रेंगाळली, तर दोन्हींतला फरक त्याला जाणवला असं मानतात. 'बाळाला समजतं' असं वाक्य वाचलं की खाली तपासा: नेमकं काय मोजलं होतं?

हालचालींच्या टप्प्यांत सरासरीपेक्षा पल्ला महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत निरोगी मुलांचं आधाराशिवाय चालणं 8.2 ते 17.6 महिने एवढ्या मोठ्या पट्ट्यात पसरलेलं होतं, आणि काही मुलं तर रांगलीच नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दुरुस्त करून घ्या. आठ आठवडे आधी जन्मलेलं सहा महिन्यांचं बाळ साधारण चार महिन्यांचं धरतात. ही दुरुस्ती बहुधा दोन वर्षांपर्यंत करतात. ती विसरली की धडधाकट बाळावर मागे पडल्याचा शिक्का बसतो.

आता स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे. मुलांच्या विचारांच्या वाढीचे त्यांनी मांडलेले चार टप्पे वाचायला एक दुपार पुरते, पण त्यांचा एखादा प्रयोग स्वतः केल्याशिवाय ते कळत नाहीत. सहा-सहा बटणांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारा: दोन्हीकडे सारखी आहेत की एकीकडे जास्त? मग एक ओळ त्याच्यासमोरच पसरून लांब करा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. पुष्कळ मुलं लांब ओळीकडे बोट दाखवतात. 'कसं ओळखलंस?' असं विचारून त्याचे शब्द जसेच्या तसे टिपा. शाबासकी देऊ नका, भुवईसुद्धा उचलू नका. मूल तुमच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत असतं.

इथेच खरी गंमत आहे. तोच प्रश्न मोठ्या माणसाने दुसऱ्यांदा विचारला, तर आपलं पहिलं उत्तर चुकलं असं मुलाला वाटू शकतं. 1974 मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी ओळ स्वतः न हलवता एका खोडकर टेडीकडून विस्कटवली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. यावरही आक्षेप आले: टेडीच्या गडबडीत मुलांचं बटणांकडे लक्षच राहत नसेल. हा वाद क्रमाने वाचा. मुलाची समज आणि प्रश्नाची अडचण वेगळी कशी करायची, हे इतकं चांगलं दुसरीकडे शिकायला मिळत नाही. दुसऱ्याच्या मनातली चुकीची समजूत ओळखण्याच्या चाचणीतही तेच. बाहुली नसताना चेंडू दुसरीकडे लपवला, परत आल्यावर ती कुठे शोधेल? चार वर्षांच्या आसपास मुलं हे बरोबर सांगू लागतात. पण 'आधी चेंडू कुठे होता?' आणि 'आता कुठे आहे?' हे दोन प्रश्न जोडलेच पाहिजेत. मुलाला गोष्टच आठवत नसेल, तर चुकलेल्या उत्तरावरून काहीच ठरत नाही.

निरीक्षणासाठी 15 मिनिटं पुरेत, पण ती शिस्तीने वापरा. 15 सेकंदांचे 60 भाग करा, एकच वर्तन निवडा, उदाहरणार्थ दुसऱ्या मुलाशी बोलणं, आणि प्रत्येक भागात 'हो' किंवा 'नाही' लिहा. 'रागावला' असं लिहू नका, 'खेळणं ओढलं, ओरडला' असं लिहा. दुसऱ्या निरीक्षकालाही त्याच वेळी, तुमची वही न बघता नोंद करू द्या. 60 पैकी 48 भाग जुळले तर जुळणी 80 टक्के. मात्र वर्तन विरळ असेल तर हा आकडा फसवतो. मूल तीनच भागांत बोललं असेल, तर डोळे मिटून सगळीकडे 'नाही' लिहिणाराही 95 टक्के जुळेल. अशा वेळी योगायोगाने होणारी जुळणी वजा करणारा 'कोहेनचा कप्पा' (Cohen's kappa) हा आकडा काढा.

आठ आणि पंधरा वर्षांच्या मुलांची एकाच दिवशी तुलना केली, तर दिसणारा फरक वयाचा असेल किंवा पिढीचाही. तीच मुलं वर्षानुवर्षं पाहिली तर हा पेच सुटतो, पण मुलं गळत जातात. न्यूझीलंडमधला डुनेडिन अभ्यास 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1037 मुलांवर सुरू झाला. अशा अभ्यासाचा निकाल वाचताना किती जण टिकले हे आधी पाहा.

पौगंडावस्थेत जन्मतारखेवर विसंबू नका. वयात येण्याची सुरुवात मुलींत साधारण 8 ते 13 आणि मुलांत 9 ते 14 या वर्षांत होते, म्हणजे एकाच वर्गात शरीराने फार वेगवेगळी मुलं बसलेली असतात. सोबत कोण होतं हेही नोंदवा. 2005 मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या गाडी चालवण्याच्या खेळात, सोबत मित्र असताना किशोरवयीनांची धोका पत्करण्याची वृत्ती प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त वाढली.

या वयाशी बोलण्याआधी पालकांची परवानगी घ्या आणि मुलाचीही वेगळी संमती घ्या. मधेच थांबायची मुभा त्याला स्पष्ट सांगा. मूल स्वतःला इजा करत असल्याचं किंवा कुणी त्रास देत असल्याचं बोललं, तर कुणाला आणि किती वेळात कळवायचं हे पहिल्या भेटीआधी लिहून ठेवा. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. गुपित कुठवर पाळता येईल, हे प्रश्न सुरू करण्याआधीच त्याला सांगा.