गाडी मागून डुलायची

वडिलांची २००३ची मोटरसायकल साठच्या पुढे गेली की मागून डुलायची. हवा बरोबर, टायर नवा. गॅरेजवाल्याने कोनसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) बदलला, तरी फरक शून्य.

शेवटी रविवारी डबल स्टँडवर लावली. मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवलं तर खट्‌खट्. चाकाचं बेअरिंग असेल असं वाटलं, पण नीट बघितलं तर चाकासोबत अख्खा चिमटाच, म्हणजे मागचं चाक धरणारा लोखंडी सांगाडाच हलत होता! म्हणजे चिमट्याचं बुश (तो गाडीला जोडतो त्या सांध्यातली रबरी नळी) गेलेलं. बोल्ट गंजून इतका धरला होता की रात्रभर डिझेल सोडून ठेवावं लागलं. जुन्या बुशचं रबर हातात भुगा होऊन आलं. नवीन बुश टाकले, ग्रीस लावलं, चेन सरळ रेषेत घेतली.

आता सत्तरलाही गाडी सरळ जाते. वडील परवा स्वतः चालवून आले.