एसीला हीटर समजू नका: हिवाळ्यात या चुका टाळा

जानेवारीतली सकाळ, सव्वासहाची वेळ. दारावर थापा पडल्या. समोरच्या फ्लॅटमधले काका मफलर गुंडाळून उभे. "अहो, तुमच्या एसीतून धूर येतोय, आधी मेन बंद करा!" मी धावत जाऊन एमसीबी खाली ओढला. गॅलरीत जाऊन बघतो तर एसीच्या आउटडोअर युनिटमधून पांढरे लोट निघतायत आणि खाली पाण्याचं थारोळं. जळका वास मात्र कुठेच नाही. धूर नव्हताच तो, वाफ होती. मशीन आपलं काम नीट करत होतं आणि मीच ते मध्येच बंद पाडलं.

नाशिककराला थंडीचं अप्रूप नाही. शेजारच्या निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. आम्हाला नवा आहे तो हॉट अँड कोल्ड एसी. तो घेतला की आपण त्याला भिंतीवर टांगलेला रूम हीटर समजतो, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. हीटर विजेची तार तापवून उष्णता तयार करतो. एसी उष्णता तयार करत नाही, उचलून आणतो. उन्हाळ्यात घरातली बाहेर टाकतो. हिवाळ्यात आतला फोर-वे व्हॉल्व्ह गॅसचा प्रवाह उलटा फिरवतो आणि मशीन बाहेरची उष्णता घरात आणतं. बाहेर सहा अंश असले तरी आउटडोअर कॉइलमधला, म्हणजे बाहेरच्या युनिटमधल्या नळ्यांच्या जाळीतला गॅस त्याहून गार असतो, म्हणून त्या हवेतूनही त्याला उष्णता मिळते.

वीज वाचते ती यामुळेच. २००० वॉटचा हीटर चार तास चालला की आठ युनिट गेले. बाहेर फार कडाका नसेल तर चांगला इन्व्हर्टर एसी एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांइतकी ऊब आणतो, म्हणजे तेवढंच काम अडीच-तीन युनिटांत होतं.

पण आधी मशीन गरम करणारं आहे का, ते बघा

आपल्याकडच्या घरांतले बहुतेक एसी फक्त थंड करणारे असतात. "रिमोटवर ३० केलं तरी गरम हवा येत नाही, गॅस संपला असेल," असा मावशीचा फोन आला होता. ३० चा अर्थ एवढाच की खोली तीस अंशांपेक्षा तापली तरच कॉम्प्रेसर चालू कर. हिवाळ्यात खोली तीसला जातच नाही, मग नुसता पंखा फिरतो आणि गारठा वाढतो. त्यात काही कंपन्या सगळ्या मॉडेलना एकच रिमोट देतात, त्यामुळे मशीनला हीटिंग नसलं तरी रिमोटवर सूर्याचं चित्र दिसतं. चित्रावर विश्वास ठेवू नका, मॉडेल नंबरवरून कंपनीचं माहितीपत्रक बघा.

आणखी एक. स्टार लेबलवरचे तारे बघून हॉट अँड कोल्ड घेतलं तर ते तारे थंडाव्याच्या कार्यक्षमतेचे असतात. गरम करताना मशीन किती वीज खाईल हे त्यावरून कळत नाही, ते पत्रकातच शोधावं लागतं. शिवाय पत्रकातला हीटिंगचा आकडा साधारणपणे बाहेर ७ अंश असतानाचा असतो. पारा त्याखाली गेला की ताकद घटते. दिल्ली-चंदीगडला राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे घेण्याआधीच लक्षात घ्यावं.

बिघाड नसताना बिघाड समजणं

परत त्या वाफेकडे. बाहेरची कॉइल शून्याखाली गेली की हवेतला ओलावा तिच्यावर बर्फ होऊन बसतो. धुक्याच्या, दमट पहाटे जास्तच. पांढरा थर साचला की हवा आत शिरत नाही, म्हणून मशीन अधूनमधून स्वतःच उलटं चालून तो वितळवतं. याला डिफ्रॉस्ट म्हणतात. त्या पाच-दहा मिनिटांत आतला पंखा थांबतो, व्हॉल्व्ह उलटताना फुस्स आवाज येतो, बाहेर वाफ निघते, पाणी ठिबकतं. हे चालू असताना मेन ओढलात तर बर्फ अर्धवट वितळतो आणि पुन्हा चालू केल्यावर गरम हवा यायला आणखी उशीर होतो. चाकूने बर्फ खरवडणं किंवा उकळतं पाणी ओतणं तर अजिबात नको, कॉइलच्या पातळ पट्ट्या वाकतात. मात्र बर्फ तासन् तास तसाच राहिला, डिफ्रॉस्ट संपल्यावरही बाहेरचा पंखा फिरत नसला किंवा प्लास्टिक जळल्यासारखा वास आला, तर एमसीबी बंद करून मेकॅनिकला बोलवा.

चालू केल्यावर लगेच गरम हवा न येणं हाही बिघाड नव्हे. आतली कॉइल तापेपर्यंत पंखा मुद्दाम थांबवलेला असतो, नाहीतर अंगावर गार झोत येईल. चार-पाच मिनिटं थांबा. त्या वेळात चालू-बंद करत बसलं की प्रत्येक वेळी कॉम्प्रेसरची तीन मिनिटांची विश्रांती नव्याने सुरू होते.

"हवा येतेय, पण पाय गारच"

ही तक्रार सर्वात जास्त ऐकू येते आणि तिचं उत्तर सर्वात सोपं आहे. गरम हवा वर चढते. हवेची दिशा बदलणाऱ्या पट्ट्या उन्हाळ्यासारख्या समोर ठेवल्या तर ऊब छताशी जमते. मशीनचा सेन्सर बहुधा तिथेच, इनडोअर युनिटमध्ये असतो. त्याला वाटतं खोली तापली, आणि खाली बसलेला माणूस कुडकुडतो. हीटिंगला पट्ट्या शक्य तितक्या खाली वळवा, पंखा सुरुवातीला मध्यम किंवा मोठा ठेवा. रिमोटमध्ये सेन्सर असलेलं मॉडेल असेल तर ती सोय चालू करून रिमोट आपल्या जवळ, सोफ्यावर ठेवा.

३० लावल्याने खोली लवकर तापत नाही, जास्त वेळ तापत राहते एवढंच. २० ते २२ पुरतं. झोपताना अंगावर रजई असेल तर १९ सुद्धा चालतं. दर अर्ध्या तासाने चालू-बंद करण्यापेक्षा इन्व्हर्टर मशीन कमी तापमानावर सलग चाललेलं बरं. ड्राय मोड लावून दमटपणा घालवायला जाऊ नका, तो थंड करूनच पाणी काढतो.

हवा कोरडी होते, ओठ फुटतात, घसा खवखवतो हे खरं. वाटीभर पाणी ठेवल्याने फार फरक पडत नाही, ओला टॉवेल दोरीवर टाकला तर थोडा पडतो. एसी ऑक्सिजन जाळतो ही भीती मात्र निराधार आहे. खरा धोका बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्यात आहे. तिच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

थंडीत गॅस भरून घेणं

डिसेंबरात सर्व्हिसला आलेल्या मुलाने आमच्याकडे गेज लावलं आणि म्हणाला, "साहेब, प्रेशर डाउन आहे, गॅस टाकावा लागेल." थंडीत कूलिंगचं प्रेशर कमीच दिसतं, आणि हीटिंगला गेज लावलेल्या त्याच पाइपमध्ये उच्च दाब असतो. त्यामुळे उन्हाळ्याचा आकडा डोक्यात ठेवून तपासलं की निदान चुकतं, आणि जास्त गॅस भरला तर उन्हाळ्यात कॉम्प्रेसरवर ताण येतो. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधायला सांगा, मग आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे वजनावर भरायला सांगा. बहुतेक नव्या मशीनमधला आर-३२ नावाचा गॅस थोडा ज्वलनशील असतो, म्हणून गळती तपासताना काडी पेटवून बघू नका.

ज्यांचा एसी हिवाळाभर बंद राहतो, त्यांची चूक वेगळी. आउटडोअरला प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळतात. आत ओल धरते, उंदीर ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात. वरून एक पत्रा पुरे. बंद करण्याआधी तासभर नुसता पंखा चालवून कॉइल वाळवा, एमसीबी पाडा, रिमोटचे सेल काढून ठेवा. हीटिंग वापरणाऱ्यांनी तर काहीच झाकू नये. त्या काळात ऊब बाहेरूनच यायची असते.

त्यांच्यासाठी एक कामही आहे, जे बसवताना हमखास राहतं. उन्हाळ्यात पाणी आतल्या युनिटमधून येतं, हिवाळ्यात ते बाहेरच्या युनिटमधून पडतं. आमचं पाणी महिनाभर खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत होतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याची चर्चा रंगली होती. आउटडोअरच्या तळाला ड्रेनची एल्बो (वळणाची जोडणी) आणि छोटा पाइप लावला, तेव्हा कुठे मिटलं. आतला ड्रेन पाइप मात्र या काळात कोरडा पडतो, त्यात धूळ बसते, किडे घर करतात. होळीच्या सुमारास पहिल्यांदा कूलिंग लावण्याआधी आतल्या युनिटच्या पाणी जमणाऱ्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि ते पाइपाच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडतंय का बघा.