कुमारांसाठी ग्राफिक कादंबरी काढायचीय? आधी आठ पानांची काढा

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मला दोन-तीन मेसेज येतातच, ताई मला ग्राफिक नॉव्हेल काढायचंय, ३०० पानांचं आहे, तीन भाग होणारेत, सुरुवात कुठून करू. सोबत हिरोचं एक भारी चित्र, हातात तलवार, केस उडतायत. आणि स्टोरी? ती डोक्यात आहे म्हणे. मी दरवेळी तेच तेच टाइप करते, म्हटलं एकदा बसून सगळं लिहून टाकू. मी पुण्यातच वाढले, दिवसा डिझाइनची नोकरी करते, आणि माझं असंच एक, चित्रांतून गोष्ट सांगणारं, १२० पानांचं पुस्तक झालंय, नदीपात्रात ढोल पथकाच्या सरावाला घरी न सांगता जाणाऱ्या नववीतल्या मुलीचं. म्हणजे मी काही कुणी मोठी नाही, पण आपटून आपटून शिकलेय.

आधी हिशोब, कारण तो कुणी सांगत नाही. एक पान म्हणजे थंबनेल (पानाचा छोटा कच्चा आराखडा), मग पेन्सिल, मग इंक (पेन्सिलवर शाईच्या रेघा), मग रंग, मग अक्षरं. मला एका पानाला सगळं धरून साधारण ८ तास लागले. १२० पानांचे झाले ९६० तास. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रोज २ तास बसलात तर ४८० दिवस, म्हणजे १६ महिने, आणि तेही मध्ये गणपती, दिवाळी, चुलतभावाचं लग्न, कुणाचा डेंग्यू यातलं काहीच आलं नाही तर. माझी अडीच वर्षं गेली. आता तुमच्या ३०० पानांचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणून पहिला टप्पा आठ पानांचा. दोन ए-फोर कागद घ्या, मधून दुमडा, एकात एक घाला, मध्ये दोन पिना मारा, झालं पुस्तक. झेरॉक्स काढताना पानांची जोडी चुकते हमखास, तर लिहूनच ठेवा: पहिल्या कागदाच्या बाहेरच्या बाजूला डावीकडे ८ आणि उजवीकडे १, त्याच्याच मागे २ आणि ७, दुसऱ्या कागदावर ६ आणि ३, मागे ४ आणि ५. काळ्या-पांढऱ्यातच करा, आणि राखाडी शेडिंग टाळा, झेरॉक्समध्ये त्याचा नुसता चिखल होतो, त्यापेक्षा रेघा मारा. एक प्रत साधारण अमृततुल्यच्या एका चहाच्या भावात पडते. २० काढा आणि वाटा.

हे हौशी वाटतं ना? जीन लुएन यांग नावाचा अमेरिकन चित्रकार-लेखक आहे, ओकलंडच्या एका हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा. त्यानं 'अमेरिकन बॉर्न चायनीज' आधी असंच एकेक प्रकरण झेरॉक्स काढून विकलं, पुस्तक आलं २००६ मध्ये, आणि २००७ मध्ये त्याला कुमार साहित्यासाठीचं प्रिंट्झ पारितोषिक मिळालं, ते मिळवणारी ती पहिली ग्राफिक कादंबरी. नंतरही कित्येक वर्षं तो शिकवतच होता. तेव्हा नोकरी सोडून पूर्णवेळ कलाकार वगैरे जे डोक्यात असतं ते जरा बाजूला ठेवा, आईबाबांचाही जीव भांड्यात पडेल.

आता गोष्ट. १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी लिहिताना आपल्याकडे दोनच गोष्टी होतात, एकतर शिवाजी महाराज नाहीतर शेवटी शहाणपण शिकवणारी बोधकथा. ते करूच नका असं नाही म्हणत मी. पण नववीतल्या मुलीला विचारा तिला काय खुपतं. क्लासच्या ग्रुपमधून काढलं हे खुपतं, आई मोबाइल बघते हे खुपतं, मैत्रीण सायन्सला जाणार आणि आपल्याला आर्ट्स घ्यायचंय हे सांगता येत नाही हे खुपतं. माझ्या गोष्टीत मी तीन ड्राफ्टपर्यंत मुलीच्या बाबांना व्हिलन केलं होतं, सारखे ओरडतात. मग एकदा खऱ्या सरावाला जाऊन बसले, म्हात्रे पुलाजवळ, स्केचबुक घेऊन. तिथे एक काका पोरीला स्कूटरवर सोडून लांब थांबले होते, कानात कापूस घालून, दोन तास. गेलेच नाहीत. घरी येऊन मी बाबांची सगळी पानं फाडली. आता पुस्तकात ते ओरडत नाहीत, एका पॅनलमध्ये, म्हणजे चौकटीत, नुसते स्कूटरवर बसलेले दिसतात, आणि वाचणारी पोरं त्याच पॅनलबद्दल बोलतात.

तर बाहेर जाऊन काढा. मंडईत सकाळी जा, तुळशीबागेत मोलभाव करणाऱ्या बायकांचे हात काढा, पीएमटीत उभ्याने काढता आलं तर तुम्हाला कुठेही काढता येईल. फोटोवरून काढलेली माणसं फोटोसारखीच ताठ बसतात.

कामाचा क्रम मात्र मी सांगते तसाच ठेवा: संवाद आधी, चित्र नंतर. सगळे उलटं करतात. सुंदर पॅनल काढतात आणि मग संवादाचा फुगा ठेवायला जागाच नाही, मग तो कुणाच्या तरी कपाळावर. थंबनेल करतानाच फुगे काढा, त्यात वाक्य हाताने लिहा, मावतं का बघा. इंग्रजीवाले एका फुग्यात २५ शब्दांपर्यंत चालतं म्हणतात, मराठीत मी १५च्या वर जात नाही, कारण आपले शब्द शेपट्या लावून लांब होतात, 'शेजारच्यांनासुद्धा' हा एकच शब्द अर्धा फुगा खातो. आणि इंग्रजी कॉमिकमध्ये ओरडायचं असलं की कॅपिटल अक्षरं, आपल्याला कॅपिटलच नाहीत! मग आवाज वाढवायचा तर अक्षराचा आकार आणि जाडी बदलायची, नाहीतर स्वर ओढायचा. 'अगं' आणि 'अगंऽऽ' यात सगळं भांडण येतं.

आवाजांच्या बाबतीत तर आपण श्रीमंत आहोत आणि तरी लोक 'बूम' आणि 'क्रॅश' लिहितात. मराठीत पडण्याचे किती प्रकार बघा, धप्पकन, धाडकन, टपकन, बदाबदा, आणि प्रत्येकात वजन वेगळं. ढोलासाठी मी आधी सगळीकडे 'ढम ढम' लिहिलं होतं, अगदी लहान मुलांच्या गाण्यासारखं झालं. पथकातल्या एका दादानं सांगितलं की टिपरूचा, म्हणजे काठीचा, आवाज वेगळा आणि थापीचा, म्हणजे हाताचा, वेगळा, नीट ऐक. मग टिपरूला 'ढण्ण', थापीला 'धुप्', आणि ताशाला पानाच्या वरच्या कडेने बारीक अक्षरात न थांबणारं 'तर्रर्रर्र'. ते पान करायला मला नऊ दिवस लागले आणि त्यात एकही संवाद नाही. शब्दाशिवाय चित्र कसं बोलतं ते बघायचं तर शि. द. फडणीसांची चित्रं घेऊन बसा, 'हसरी गॅलरी'वाले, खाली एक ओळ नाही आणि तरी माणूस हसतो. आपल्या आधीच्या पिढीनं तर त्यांना बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात पाहिलंय.

पान उलटणं हे तुमचं हत्यार आहे. पुस्तकात विषम पान उजवीकडे, सम पान डावीकडे. धक्का द्यायचा असेल तर तो सम पानावर, पहिल्याच पॅनलला, म्हणजे आधीच्या उजव्या पानाच्या शेवटी वाचक बोट लावून थांबतो आणि उलटल्यावरच कळतं. उजव्या पानावर धक्का ठेवलात तर डावं पान वाचता वाचता डोळ्याच्या कोपऱ्यातून तो दिसतोच. हे मला पन्नास पानं इंक केल्यावर कळलं, असो.

फॉन्टचं प्रकरण मोठं आहे. माझी पहिली आठ पानं मी फोटोशॉपमध्ये अक्षरं टाकून थेट झेरॉक्सला दिली, घरी आल्यावर बघते तर प्रत्येक पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसलेली आणि जोडाक्षरं फुटलेली. २० प्रती. चूक माझीच, टेक्स्टच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय असतो तो लावलाच नव्हता. इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडावा लागतो. फुकटातलं सॉफ्टवेअर हवं तर चित्र क्रिटामध्ये काढा आणि अक्षरं इंकस्केपमध्ये टाका, तिथे देवनागरी नीट जुळते. फॉन्ट युनिकोडच घ्या. मुक्त, बालू, कलम, तिल्लाना हे सगळे फुकट आहेत, त्यातला कलम हाताने लिहिल्यासारखा आहे म्हणून फुग्यात बरा दिसतो. दोन ओळींत जागा जास्त सोडा, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात. आणि एक पुणेरी खोड म्हणा हवं तर, पण ल पाकळीचा आणि श शेंडीफोड्या दिसतोय ना ते तपासा, बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येतं, काहींत भाषा मराठी निवडली की बदलतं. मुलांना नाही कळत, त्यांच्या मराठीच्या बाईंना कळतं.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. अप्पा बळवंत चौकात नाहीतर टिळक रोडला अभिनव कॉलेजच्या आसपास सगळं मिळतं, कार्ट्रिज पेपर, कॅम्लिनची वॉटरप्रूफ काळी शाई, एक ब्रश, दोन पेनं. टॅब्लेट नंतर घ्या.

आठ पानं झाली की ती एका खऱ्या पोराला वाचायला द्या आणि गप्प बसा. हे फार अवघड आहे. मी मावसबहिणीच्या मुलाला दिली, आठवीत आहे, त्याच्यासमोर बसले आणि त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिले. तिसऱ्या पानावर अंगठा पुढे गेला, मग मागे आला, मग परत पुढे. मी विचारलं काय झालं, तर म्हणे काही नाही, छान आहे मावशी. छान म्हणे! नंतर पान बघितलं तर दोन फुगे चुकीच्या क्रमाने होते, उत्तर आधी वाचलं जात होतं आणि प्रश्न नंतर. मुलं सांगत नाहीत, अंगठा सांगतो.

दुसरा टप्पा, छापून येणं. थेट कादंबरी घेऊन प्रकाशकाकडे जायच्या आधी चार-सहा पानांची गोष्ट करून पाठवा. दिवाळी अंक आहेत, बालभारतीचं 'किशोर' आहे, १९७१ पासून चालू आहे आणि आपल्या सेनापती बापट रोडवरूनच निघतं. दिवाळी अंकाला दिवाळीत नाही पाठवायचं, मे-जूनमध्येच विचारायचं. मानधन थोडंच असतं, पण छापलेलं पान दाखवता येतं. आणि दार कुठलं उघडेल सांगता येत नाही. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून बहुतेक वेळा जिचं नाव घेतात ती ओरिजित सेन यांची नर्मदेवरची 'रिव्हर ऑफ स्टोरीज', १९९४ ची, ती कल्पवृक्ष या पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेनं काढली, नेहमीच्या प्रकाशकानं नाही. तुमची गोष्ट नदीची, वस्तीची, शाळेची असेल तर त्या विषयात काम करणाऱ्यांनाही दाखवा.

प्रकाशक हो म्हणाला की पेढे वाटायच्या आधी करार वाचा. मला एका ठिकाणी दोन पानी कागद दिला होता, 'सर्व हक्क प्रकाशकाकडे', बस, मुदत नाही, भाषा नाही, काही नाही. मी सही करणारच होते, घरातले वकील काका म्हणाले थांब जरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचायला लावलं. मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते आपल्याकडे परत येतात, पण हे सगळं करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच, तेव्हा बारीक अक्षरं बघा. मुदत, भाषा, ई-बुक, सिनेमा-वेबसिरीज हे वेगवेगळं लिहून घ्या, आणि हाताने काढलेली मूळ पानं तुमचीच राहतील हेही. कॉपीराइट काढल्याक्षणी तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, करायची तर एका कामाला ५०० रुपये फी आहे. पैशाचं म्हणाल तर ४०० रुपयांचं पुस्तक, १० टक्के रॉयल्टी, १००० प्रती सगळ्या खपल्या तर ४०,००० रुपये. त्याला ९६० तासांनी भागून बघू नका, मी बघितलं, दोन दिवस काम केलं नाही.

स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) फुकट आहे, राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. प्रेसवाल्याशी बोलताना पानं १६ च्या पटीत ठेवा, फॉर्म म्हणतात त्याला, फार तर आठाचा अर्धा. माझी १२० म्हणजे साडेसात फॉर्म. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा जागा), रंगीत पानं ३०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके), नुसत्या रेषांची ६०० च्या वर. सगळ्या प्रती छापायच्या आधी एक डमी, म्हणजे नमुन्याची प्रत, बांधून मागाच, मग प्रेसवाले काका कितीही म्हणोत काही होत नाही मॅडम. माझ्या डमीत मधल्या शिवणीत तीन फुगे अर्धे गेले होते.

आणि डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो, तिथे कुणाच्या स्टॉलवर कोपरा मिळाला तर बसा. सुट्टे पैसे न्या, क्यूआर मोठा छापून न्या, आणि एक प्रत उघडून वाचायला ठेवा, ती मळणार हे धरूनच. सही करायला जेल पेन नेऊ नका. आर्ट पेपरवर ते सुकत नाही, माझ्या पहिल्या सात सह्या समोरच्या पानावर उलट्या उमटल्यात.